मोंढ्यातलं विंडोज, सर्व्हरवरचं लिनक्स

नांदेडच्या विष्णुपुरीत १९८१ पासून श्री गुरू गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी संस्था आहे. त्याच परिसरात १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ उभं राहिलं आणि त्याचं उपकेंद्र लातूरला आहे. या दोन शहरांतून दरवर्षी मुलंमुली कॉम्प्युटर शिकून बाहेर पडतात. त्यातली बरीचशी पुण्याची किंवा हैदराबादची गाडी धरतात, आणि २०२० च्या टाळेबंदीनंतर काही जण घरी बसूनच बाहेरच्या कंपन्यांचं काम करू लागले आहेत. बारावीचे निकाल लागले की घरोघरी एकच विचारणा सुरू होते : पोरीला लॅपटॉप कोणता घ्यायचा, आणि त्यावर सिस्टिम कोणती टाकायची? मोठ्या शहरात हा बराचसा आवडीचा प्रश्न असतो. इथे त्यात खिसा येतो, वीज येते, गल्लीतला दुरुस्तीवाला येतो आणि गिऱ्हाईकही येतं.

पुढचा संवाद दोघांच्या तोंडी घातला आहे. मामा लातूरचे, मोंढ्यातल्या आडत दुकानांसाठी हिशोबाची सॉफ्टवेअर करतात. भाची नांदेडची, घरून एका कंपनीचं सर्व्हरचं काम करते. दोघंही अनेकांचं बोलणं एकत्र करून उभे केले आहेत, पण दोघांचे मुद्दे या भागात रोज ऐकू येतात.

मामा : सिस्टिमचा वाद नंतर. आधी माझं गिऱ्हाईक कोण ते बघ. सकाळी शेतकरी सोयाबीन, तूर, हरभरा घेऊन येतो. सौदा निघतो, माल काट्यावर चढतो, आणि वजन, भाव, हमाली, तोलाई सगळं मांडलेली पट्टी त्याच्या हातात द्यायची असते. कॉम्प्युटरसमोर मुनीम बसलेला असतो. त्याला टॅली येते आणि टॅली विंडोजवर चालते. जीएसटीचं रिटर्न भरणारा सीए विंडोजवर, डिजिटल सिग्नेचरचा डोंगल विकणारा समजावून सांगणार तेही विंडोजवरचंच. मी लिनक्सवर कितीही चांगला प्रोग्रॅम लिहिला तरी तो बसवू कुठे? आमच्या धंद्यात सिस्टिम डेव्हलपर निवडत नाही, ती गिऱ्हाइकाने आधीच निवडलेली असते.

भाची : मामा, हेच वाक्य मी माझ्या कामाला लावते. माझा प्रोग्रॅम सर्व्हरवर चालतो आणि सर्व्हरवर लिनक्स आहे. तुमचा शेतकरी घरी बसून मोबाइलवर भाव बघतो ना? तो मोबाइल अँड्रॉइडचा, म्हणजे त्याच्या बुडाशी लिनक्सचंच कर्नल. भाव साठवणारा सर्व्हर बहुतेक वेळा लिनक्सचाच. विंडोज आहे ते फक्त मधल्या टेबलावर.

मामा : पण पैसे मला त्या मधल्या टेबलावरून मिळतात! आणि विंडोजने मला काय दिलं ते ऐक. आडतीचा माझा पहिला प्रोग्रॅम व्हिज्युअल बेसिक सहामध्ये लिहिलेला आहे. ती भाषा १९९८ ची. मायक्रोसॉफ्टने तिच्या लेखनसाधनाला आधार देणं २००८ मध्ये थांबवलं, तरी त्यात बनवलेले प्रोग्रॅम विंडोज अकरावर आजही चालतात. दुकानदाराने मशीन बदललं, मी इन्स्टॉल करून दिलं, संपलं. नवीन पोरांना याची किंमत कळत नाही. छोट्या गावातल्या डेव्हलपरला दर दोन वर्षांनी प्रोग्रॅम नव्याने लिहिणं परवडत नाही. तुमच्या लिनक्सवर नव्या उबंटूवर बांधलेला प्रोग्रॅम जुन्या उबंटूवर नेला, तर जी-लिबसी या पायाभूत लायब्ररीची हवी ती आवृत्ती सापडत नाही म्हणून सुरूच होत नाही.

भाची : हे खरं आहे. कर्नलच्या बाबतीत त्याच्या कर्त्याचा, लिनस टोरवाल्ड्‌सचा, नियम कडक आहे : वापरणाऱ्याचा चालता प्रोग्रॅम बंद पाडायचा नाही. कर्नलवर रचलेल्या लायब्रऱ्यांना मात्र तशी शिस्त नाही, प्रत्येक वितरणाची तऱ्हा वेगळी. म्हणून आम्ही प्रोग्रॅमसोबत त्याच्या लायब्रऱ्याही कंटेनरमध्ये बांधून पाठवतो. पण मामा, तुमच्या त्या जुन्या प्रोग्रॅममध्ये मराठी कशी छापता?

मामा : फॉन्टने. व्हिज्युअल बेसिक सहाच्या खिडक्यांमध्ये युनिकोड दिसत नाही. त्या काळी सगळेच जुन्या पद्धतीचे मराठी फॉन्ट वापरायचे. पट्टी एकदम सुबक निघते.

भाची : पट्टी निघते, पण माहिती अडकून पडते. त्या फाइलमध्ये ‘तूर’ असं साठवलेलंच नाही. तिथे इंग्रजी अक्षरं आहेत, आणि तो फॉन्ट त्यांना तुरीचा आकार देतो. फॉन्ट नसलेल्या मशीनवर ती फाइल वाचता येत नाही. एवढ्या वर्षांच्या पट्ट्यांमधून तुरीच्या भावाचा आलेख काढायचा म्हटलं, तर आधी सगळी अक्षरं बदलून घ्यावी लागतील. वीस वर्षं चाललेल्या प्रोग्रॅमचा मला आदर आहे. पण प्रोग्रॅम चालत राहिला आणि त्यातली माहिती बाहेर काढता आली नाही, तर ते अर्धंच टिकणं झालं.

मामा : मान्य. म्हणून नव्या प्रोग्रॅममध्ये मी युनिकोडच घेतलं. तेही विंडोजवरच केलं बरं का.

भाची : मग एक प्रयोग सांगते. तुमच्या नव्या प्रोग्रॅममधून यूटीएफ-८ मध्ये यादी काढा आणि विंडोजवर पायथॉनने ती फाइल उघडा, एन्कोडिंग न सांगता. यादीत नुसतं ‘तूर’ असेल तर प्रोग्रॅम तक्रार करत नाही. अक्षरांचा कचरा करून पुढे जातो. यादीत ‘पट्टी’ असेल तर एरर देऊन थांबतो.

मामा : एक शब्द चालतो आणि दुसरा चालत नाही, असं कसं?

भाची : इंग्रजी सेटिंगच्या विंडोजवर पायथॉन ही फाइल सीपी-१२५२ या जुन्या युरोपीय तक्त्याने वाचतो. त्या तक्त्यात पाच बाइटच्या जागा रिकाम्या आहेत. देवनागरीतल्या हलंताचा शेवटचा बाइट नेमका त्यातल्या एका रिकाम्या जागी पडतो. ‘पट्टी’त जोडाक्षर आहे, म्हणजे हलंत आहे, म्हणून गाडी तिथे अडते. ‘तूर’मध्ये हलंत नाही, म्हणून चूक होऊनही ती दिसत नाही. लिनक्सवर आणि मॅकवर यूटीएफ-८ हेच गृहीत धरलेलं असतं. पायथॉनच्या ३.१५ आवृत्तीपासून विंडोजवरही तसंच करायचं ठरलं आहे. तोवर मराठी मजकुरावर काम करणाऱ्या मुलाने फाइल उघडताना एन्कोडिंग स्वतः लिहिलं पाहिजे.

मामा : पण ही चूक पायथॉनच्या गृहीतकाची झाली. विंडोजला का दोष?

भाची : दोष द्यायचा म्हणून सांगत नाही. नांदेडच्या मुलाने हे फक्त लिनक्सवर लिहिलं तर त्याला हा सापळा दिसणारच नाही. लातूरच्या मुलाने नुसत्या ‘तूर’वर तपासलं तर त्यालाही दिसणार नाही. एका सिस्टिमवरून दुसरीवर जातानाच तो उघडा पडतो.

मामा : बरं, असं असेल तर माझ्याकडचं उदाहरण घे. तोलकाटा. काट्याच्या डिस्प्लेला जुन्या पद्धतीचा सिरियल पोर्ट असतो. हल्लीच्या लॅपटॉपला तो नसतो, म्हणून मध्ये यूएसबीची केबल लावायची. विंडोजवर तो काटा ‘कॉम ३’ म्हणून दिसतो. मुनिमाने केबल काढून शेजारच्या खाचेत घातली की तोच ‘कॉम ५’ होऊ शकतो, आणि लगेच मला फोन : साहेब, वजन येईना. मी आता प्रोग्रॅममध्येच पोर्ट शोधायची सोय केली. लिनक्सवर काय वेगळं होईल?

भाची : लिनक्सवर तो टीटीवाय-यूएसबी-शून्य नावाच्या फाइलसारखा दिसतो, आणि फाइल वाचावी तसं वजन वाचता येतं. पहिल्यांदा मात्र परवानगी नाकारली जाते, कारण उबंटूसारख्या वितरणांत त्या पोर्टला हात लावायला वापरणारा ‘डायलआउट’ गटात असावा लागतो. एकदा गटात घातलं, आणि युडेव्हचा एक नियम लिहून केबलला कायमचं नाव दिलं, की तोच काटा त्याच नावाने दिसतो. एका खाचेत लावा नाही तर दुसऱ्या.

मामा : हे मुनिमाला कोण सांगणार? आणि दुसरं मी तुला सांगतो. उबंटू २२.०४ मध्ये बाजारातल्या सगळ्यात स्वस्त सीएच-३४० चिपच्या केबली लावल्या की दिसायच्या आणि लगेच गायब व्हायच्या. अंधांसाठीच्या ब्रेल यंत्राची जी सेवा त्यात आहे, ती त्या केबलला ब्रेल यंत्र समजून स्वतःकडे ओढून घ्यायची. इंटरनेटवर शोधणाऱ्याला उत्तर सापडतं. मोंढ्यात गाड्या उभ्या असताना शोधायला वेळ कुठून आणायचा?

भाची : मग विंडोजवरचंही ऐका. यूएसबी-सिरियलची चिप बनवणाऱ्या एका कंपनीच्या नव्या विंडोज ड्रायव्हरने तिच्याच जुन्या चिप नाकारायला सुरुवात केली. केबल लावली की डिव्हाइस मॅनेजरमध्ये लिहून येतं : ही चिप २०१२ पासून बंद, विक्रेत्याशी बोला. केबल धडधाकट असते. तीच लिनक्सला लावली तर चालते, कारण तिथला ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे आणि जुन्या चिपला बाद करण्यात तो सांभाळणाऱ्यांचा काही फायदा नाही.

मामा : म्हणजे दोन्हीकडे काट्याचं दुखणं आहे, फक्त वेगळं. पण मला फोन आल्यावर पाच मिनिटांत दुकानातल्या कुणाकडून दुरुस्त करून घेता येतं ते विंडोजवरच. लातुरात दर चौकात विंडोज टाकून देणारा माणूस आहे. लिनक्सचा ड्रायव्हर बसवणारा शोधावा लागतो. सिस्टिम निवडताना बिघाडाच्या वेळी शेजारी कोण उभं राहील, हे मी सगळ्यात आधी बघतो.

भाची : हा मुद्दा मला खोडता येत नाही. पण शेजारी माणूस का नाही, हेही विचारायला हवं. कारण शिकवलंच नाही. सरकारच्या पुढाकाराने २००१ मध्ये एमकेसीएल उभी राहिली, तिच्या एमएस-सीआयटी या कोर्सने महाराष्ट्राच्या गावागावांत कॉम्प्युटर पोचवला. फार मोठं काम आहे ते. त्यातून लाखो लोकांच्या हाताला विंडोज आणि ऑफिसची सवय लागली. तिकडे केरळने शाळांमध्ये लिनक्स आणलं, शिक्षकांना त्याचं प्रशिक्षण दिलं, आणि शाळांसाठी स्वतःचं वितरण सांभाळलं. सीडॅकने आपल्याकडे २००७ मध्ये बॉस नावाचं लिनक्स काढलं, भारतीय भाषांसकट. पण ते कोणी शिकवलं नाही, म्हणून चौकातल्या दुकानात पोचलं नाही.

मामा : आणि तुला कॉलेजात काय शिकवलं?

भाची : माझ्या वर्षाच्या कितीतरी जणांना टर्बो सी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा डॉसवरचा कंपायलर, विंडोजमध्ये डॉसबॉक्स उघडून त्यात चालवायचा. निळा पडदा, कोनियो नावाची हेडर फाइल, क्लिअर-स्क्रीनची आज्ञा. ती फाइल लिनक्सच्या जीसीसीमध्ये नाही, म्हणून घरी आणून चालवलेला पहिलाच प्रोग्रॅम पडतो आणि मुलांना वाटतं लिनक्स अवघड आहे. खरं नुकसान त्याहून खोल आहे. टर्बो सीमध्ये इंट हा सोळा बिटांचा. ३२,७६७ च्या वर गेला की आकडा उलटतो. तुमची चाळीस हजारांची पट्टी त्यात ठेवली तर उणे पंचवीस हजार पाचशे छत्तीस दाखवते. जीसीसीमध्ये इंट बत्तीस बिटांचा असतो, तिथे चाळीस हजार चाळीस हजारच राहतात. मुलं पाठ करतात की इंट म्हणजे दोन बाइट. ते सीचं वैशिष्ट्य नाही, त्या कंपायलरचं आणि डॉसचं आहे. एकाच सिस्टिमवर शिकलेल्याला हा फरक कळायला मार्गच नसतो.

मामा : हे मात्र पटलं. पण त्यासाठी विंडोज सोडायची गरज नाही. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये विंडोजच्या आत लिनक्स आणलं, डब्ल्यूएसएल. २०२० पासून त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत खरंखुरं लिनक्स कर्नल चालतं, आणि ते होम आवृत्तीतही मिळतं. पोराने विंडोज ठेवावं, आत उबंटू टाकावं, टॅलीही राहील आणि जीसीसीही. वाद मिटला.

भाची : सोळा जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर खरोखर मिटतो. त्या मुलाला मीही हेच सांगीन. पण डब्ल्यूएसएल मुळात एक हलकं आभासी मशीन आहे. सांगितलं नाही तर ते एकूण मेमरीच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकतं. आठ जीबीच्या लॅपटॉपवर त्यासोबत ब्राउझर आणि एडिटर उघडला की मशीन धापा टाकतं. दुसरी गोष्ट, मुलं फाइली सी ड्राइव्हवर ठेवतात आणि काम लिनक्समधून करतात. त्या दोघांच्या मधला रस्ता संथ आहे. हजारो छोट्या फाइलींचा प्रोजेक्ट रांगत चालतो. फाइली लिनक्सच्या स्वतःच्या होम फोल्डरमध्ये ठेवल्या की तेच काम झटपट होतं. हे कुणी सांगत नाही. आणि तुमचा तोलकाटा तिथे आपोआप दिसत नाही, यूएसबी आत पोचवायला वेगळं साधन बसवावं लागतं.

मामा : काट्याचा प्रोग्रॅम मी विंडोजवरच ठेवीन, ते सोड. मेमरीचं म्हणशील तर आठची सोळा करायला लातुरात अर्ध्या तासाचं काम आहे.

भाची : ज्याच्या लॅपटॉपला मेमरीची खाच आहे त्याला. आता जुन्या मशीनचं बोलू. विंडोज दहाचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षेचे अपडेट आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात. विंडोज अकराला टीपीएम २.० चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. तालुक्याच्या कॉलेजातल्या लॅबमध्ये तिसऱ्या-चौथ्या पिढीची मशिनं आहेत. ती बिघडलेली नाहीत. त्यांना फक्त नवीन विंडोजमध्ये जागा नाही. तिथे एसएसडी टाकून लिनक्स मिंट किंवा झुबंटू बसवलं, तर सी, पायथॉन, जावा, डेटाबेस, वेब सगळं शिकवता येतं आणि सुरक्षेचे अपडेटही मिळत राहतात. माझ्या दृष्टीने लिनक्सची सगळ्यात मोठी बाजू हीच. ज्या मुलाच्या घरी नवीन लॅपटॉपचे पैसे नाहीत, त्यालाही चालू, सुरक्षित सिस्टिम मिळते, आणि ती कुणाच्या मेहेरबानीने किंवा चोरीच्या कॉपीने नाही, हक्काने मिळते.

मामा : चोरीच्या कॉपीचं बरं काढलंस. आमची पिढी विंडोज शिकली त्यात तशा कॉपीचा मोठा वाटा आहे, आणि तिच्याबरोबर व्हायरस किती आले ते मी दुरुस्त करून थकलो. पण चार जीबीच्या मशीनवर लिनक्स पळतं हे अर्धसत्य आहे. डेस्कटॉप पळतो. ब्राउझर तोच असतो आणि तो मेमरी तेवढीच खातो. अँड्रॉइड स्टुडिओला किमान आठ जीबी सांगितले आहेत, एम्युलेटरसकट सोळा. ज्याला मोबाइल ॲप शिकायचं त्या मुलाला जुन्या मशीनवर कुठलीच सिस्टिम वाचवत नाही.

भाची : बरोबर. त्याने खरा मोबाइल केबलने जोडून तपासावं, एम्युलेटर टाळावा. तरी अडचण राहतेच.

मामा : मग तुझ्या कंपनीने तुला मॅकबुक का दिलं? तुमच्यातले सगळे त्याच्या मागे असतात.

भाची : कारणं खरी आहेत. मॅक हे प्रमाणित युनिक्स आहे, त्यामुळे टर्मिनल, एसएसएच, गिट सगळं ओळखीचं वाटतं. आयफोनचं ॲप बांधायला एक्सकोड लागतं आणि ते मॅकवरच चालतं. २०२० मध्ये ॲपलने स्वतःची एम-वन चिप आणली तेव्हापासून बॅटरीचा प्रश्न जवळजवळ गेला. एम-वनच्या एअरवर ॲपल पंधरा तास वेब वापराचा दावा करतं. तेवढे तास मला मिळत नाहीत, पण दुपारी लाइट गेली तरी माझी मीटिंग तुटत नाही. नांदेडमध्ये घरून काम करणाऱ्याला हे किती मोलाचं आहे ते मी सांगायला नको.

मामा : आणि उन्हाळ्यात?

भाची : उन्हाळ्यात ॲपलचंच पत्रक वाचायचं. एअर चालवायला भोवतीचं तापमान दहा ते पस्तीस अंश असावं, असं त्यात लिहिलं आहे. बऱ्याच लॅपटॉपवाल्यांचा आकडा तोच असतो, पण एअरमध्ये पंखा नाही. मे महिन्यात खोलीतच चाळीसच्या आसपास गेलं की मोठं बिल्ड चालवताना चिप स्वतःचा वेग कमी करते. मी ती कामं पहाटे उरकते.

मामा : किंमत लाखाच्या घरात. मेमरी बोर्डावरच पक्की, नंतर वाढवता येत नाही. बिघडला तर आपल्याकडचा दुरुस्तीवाला हात लावायला धजत नाही. पहिल्या वर्षाच्या पोरीच्या बापाला हे सांगशील?

भाची : नाही सांगणार. आणि तांत्रिक कारणही आहे. मॅकची चिप एआरएम जातीची, आणि आमच्या सर्व्हरची इंटेलच्या जातीची. माझ्या मॅकवर बांधलेला डॉकरचा कंटेनर तसाच सर्व्हरवर चढवला की ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ देऊन जागीच पडतो. बांधतानाच कोणत्या जातीसाठी ते सांगावं लागतं. शिवाय मॅकची आणि विंडोजची फाइल सिस्टिम मूळ सेटिंगमध्ये इंग्रजीतलं मोठं-लहान अक्षर एकच धरते. फाइलचं नाव मोठ्या अक्षराने आणि प्रोग्रॅममध्ये लहान अक्षराने लिहिलं, तरी दोन्हीकडे चालतं. लिनक्सच्या सर्व्हरवर ती फाइलच सापडत नाही. माझ्या मशीनवर तर चालतंय, असं म्हणणाऱ्याच्या तक्रारीत हे कारण फार वेळा निघतं.

मामा : म्हणजे मॅकवाल्यालाही लिनक्स कळलंच पाहिजे.

भाची : सर्व्हरचं काम करायचं तर हो.

मामा : आता माझी शेवटची हरकत. नोकरीची परीक्षा. ऑनलाइन परीक्षेत दुसरं काही उघडू न देणारे जे ब्राउझर असतात, त्यातला सेफ एक्झाम ब्राउझर विंडोजवर आणि मॅकवर आहे, लिनक्सवर नाही. मुलाने लॅपटॉपवर फक्त लिनक्स ठेवलं आणि परीक्षेच्या आदल्या रात्री हे कळलं, तर? तत्त्वासाठी पोराची संधी घालवायची नाही.

भाची : म्हणून मी विद्यार्थ्याला विंडोज पुसून टाक असं कधीच सांगत नाही. डिस्कचे दोन भाग करावेत, किंवा मेमरी असेल तर डब्ल्यूएसएल. पण तुम्हीही एक मान्य करा. परीक्षा पास होऊन तो कामावर गेला की पहिल्या आठवड्यात त्याला सर्व्हरवर एसएसएचने पाठवतात. तिथे माउस नाही, स्टार्ट बटण नाही. समोर काळा पडदा. लॉग कुठे आहे, कोणती प्रोसेस मेमरी खाते, कोणत्या फाइलला परवानगी नाही, हे त्याला शोधायचं असतं. लातूर पॅटर्नवर मार्क मिळवलेली हुशार मुलं तिथे गांगरतात. बुद्धी असते, सवय नसते.

मामा : सवयीसाठी शिकवणारा लागतो, आणि तोही मराठीत बोलणारा.

भाची : थोडी सोय आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स, सी, पायथॉन यांचे छोटे धडे आहेत, त्यातले अनेक मराठी आवाजात आहेत. एकदा उतरवून घेतले की लॅबमध्ये इंटरनेटशिवाय दाखवता येतात.

मामा : मग ठरवून टाकू. माझ्याकडे दरवर्षी इंटर्नशिपला मुलं येतात. त्यांना मी काय करायला लावू?

भाची : तुमची पट्टी. प्रत्येकाने तीच लिहायची : काट्याचं वजन वाचायचं, मराठीत नाव आणि मालाचा प्रकार साठवायचा, हिशोब करून छापायचा. आधी विंडोजवर चालवायची, मग तोच कोड लिनक्सवर न्यायचा. नेताना पोर्टचं नाव अडेल, फाइलचं लहान-मोठं अक्षर अडेल, एन्कोडिंग अडेल, ओळीच्या शेवटच्या खुणा वेगळ्या निघतील. जे जे अडेल ते वहीत लिहायचं आणि कारण शोधायचं.

मामा : आणि उलटंही. लिनक्सवर लिहिलेलं विंडोजवर आणून मुनिमाच्या हातात द्यायचं. माझ्याकडे काम मुनिमाने पट्टी काढल्यावर संपतं.

भाची : चालेल. तो भाग आम्हा सर्व्हरवाल्यांना कुणी शिकवत नाही.

मामा : पण पहिली सिस्टिम कोणती, यावर मी हटणार नाही. पहिल्या दिवशी पोराला भीती वाटू नये म्हणून विंडोज.

भाची : आणि मी म्हणेन लॅबमध्ये पहिल्या दिवसापासून लिनक्स, कारण विंडोज तो घरी, दुकानात, सायबर कॅफेत शिकतोच. लिनक्स त्याला कॉलेजशिवाय दुसरं कोणी दाखवणार नाही.

या एका मुद्द्यावर दोघांचं जमलं नाही, आणि माझं मत भाचीच्या बाजूने पडतं. विंडोज ही या भागाच्या बाजारपेठेची भाषा आहे. मोंढ्यात, कर सल्लागाराकडे, छापखान्यात ती लागणारच, आणि जो डेव्हलपर तिला कमी लेखतो त्याचा प्रोग्रॅम लातूरच्या गंजगोलाईतल्या दुकानदारापर्यंत पोचणार नाही. पण बाजारपेठ जे आपसूक शिकवते त्यासाठी कॉलेजने तास खर्च करू नयेत. कॉलेजचा तास दुसऱ्या सिस्टिमसाठी असावा. मॅकचा विचार नोकरी लागल्यावर, आणि तोही शक्यतो कंपनीच्या पैशाने. विद्यार्थ्याने घ्यायचा लॅपटॉप मेमरी वाढवता येणारा असावा, विंडोजसकट यावा, आणि त्यावर महिन्याभरात लिनक्स बसलेलं असावं.

मामांची अट मात्र मी अभ्यासक्रमात शब्दशः घालीन. प्रोग्रॅम दोन्ही सिस्टिमवर चालला, एवढ्याने मार्क द्यायचे नाहीत. ज्याच्यासाठी तो लिहिला त्या माणसाने स्वतःच्या हाताने, कुणालाही फोन न करता तो चालवून दाखवला, की मगच तो पूर्ण धरायचा. नांदेडच्या आणि लातूरच्या संस्थांनी पहिल्या वर्षाच्या एका प्रात्यक्षिकापुरतं एवढं केलं, तरी इथली मुलं पुण्यातल्या मुलांच्या एक पाऊल पुढे असतील. कारण मोंढा त्यांच्या दाराशी आहे, आणि सर्व्हर लॅबमधल्या जुन्या मशीनवरही उभा करता येतो.